उंचीचा रकाना

कपड्याच्या गळ्यात मानेला टोचणारं जे लेबल असतं, ते मी घरी आल्या आल्या कात्रीनं कापून टाकते. परवा मात्र कापण्याआधी वाचलं. भाचीनं दिलेला परदेशी ब्रँडचा शर्ट होता. लेबलवर एकाखाली एक देश होते. युरोपसाठी एस, अमेरिकेसाठी एस, आणि चीनच्या नावापुढे मोटारीच्या नंबर प्लेटवर शोभेल असा आकडा : १६०/८४ए.

त्या आकड्याचा अर्थ कळला तेव्हा मी शर्ट मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. १६० म्हणजे उंची, सेंटिमीटरमध्ये. शर्टाची नव्हे, तो घालणाऱ्या बाईची! ८४ म्हणजे छातीचा घेर. शेवटचं अक्षर छाती आणि कंबर यांच्यातल्या फरकाचं. ए म्हणजे साधारण बांधा. थोडक्यात, हा शर्ट बेतणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक बाई उभी होती, पाच फूट तीन इंचांची. मी चार फूट दहा. आमच्या दोघींमधले ते पाच इंच माझ्या बोटांपर्यंत आलेल्या बाहीत आणि दंडावर उतरलेल्या खांद्याच्या शिवणीत स्पष्ट दिसत होते.

सकाळी नऊच्या सुमारास नवी मुंबईतल्या ऐरोली स्टेशनातून माइंडस्पेसच्या ऑफिसांकडे निघालेली बायकांची गर्दी बघा. मी चेहऱ्यांपेक्षा कपड्यांच्या कडाच जास्त बघते. आम्हा बुटक्यांची नजर पडतेच तिथे. घोट्याशी गोळा झालेली जीन्स, दोनदा दुमडलेली बाही, गळा खाली ओघळू नये म्हणून आतून लावलेली सेफ्टी पिन. ठाण्याहून येणाऱ्या गाडीत कडी धरायला हात वर केला की माझा अख्खा कुर्ता हाताबरोबर वर जायचा. कुर्ता घट्ट होतोय असं वाटून मी एक साइज मोठा घ्यायचे, आणि तो आणखी वर जायचा.

कारण आहे मुंढा. बाही अंगाला जिथे जोडली जाते तो गोल. हा गोल काखेला जितका जवळ, तितका हात मोकळा. तो खाली उतरला की बाही जणू बरगडीला शिवलेली असते, आणि हात उचलला की बरगडीपासूनचं सगळं कापड वर ओढलं जातं. उंच बाईसाठी काढलेला मुंढा माझ्या काखेच्या दोन-तीन बोटं खाली येतो. कपडा मोठा आहे म्हणून हात अडकतो, हे डोक्यात शिरायला मला वीस वर्षं लागली.

आता कुणी म्हणेल, तुम्ही ठेंगण्या, म्हणून तुमचं हे रडगाणं. तर एक साधा हिशेब मांडते. अमेरिकेत पाच फूट चार इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या स्त्रियांसाठी ‘पेटीट’ नावाचा वेगळा विभाग असतो. ही मर्यादा झाली सुमारे १६२ सेंटिमीटर. आणि २०१६ साली जगभरातल्या उंचीचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १९९६ मध्ये जन्मलेल्या भारतीय स्त्रियांची सरासरी उंची भरली १५२.६ सेंटिमीटर. पाच फूट. लाटव्हियाच्या बायका त्याच यादीत १७० च्या आसपास आहेत. म्हणजे ऐरोलीच्या फलाटावर जिला कुणी बुटकी म्हणणार नाही, ती अमेरिकी दुकानात पेटीट, तीही काठावरची नव्हे, चांगली चार इंच आतली. तिकडे अपवाद समजली जाणारी बाईच इथली सरासरी बाई आहे, आणि तिच्यासाठी विभाग मात्र नाही.

मग आपण दुकानात एस मागतो तेव्हा नक्की काय मागतो? तयार कपड्याचा आधी एक मूळ साचा बनतो, एका मधल्या साइजचा. त्या साच्यावरून बाकीचे साइज काढतात. धंद्यात याला ग्रेडिंग म्हणतात. एका साइजवरून दुसऱ्यावर जाताना घेर दीड-दोन इंचांनी बदलतो, लांबी जेमतेम पाव-अर्धा इंच. म्हणून एस म्हणजे बारीक, बुटकी नाही. उंच आणि सडपातळ बाईचा तो कपडा. माझ्यासारखी बुटकी आणि भरल्या अंगाची बाई एल उचलते तेव्हा कपडे बनवणारा गृहीत धरतो की घेर वाढला तशी हिची उंचीही थोडी वाढली असणार.

लांबी जास्त तर खालून कापा, इतकं सोपं हे वाटतं. मलाही वाटायचं. मग एकदा आमच्या सेक्टरमधल्या टेलरमास्तरांकडे एक कुर्ता आखूड करायला घेऊन गेले. सिडकोच्या इमारतीखालचा गाळा, दोन मशीनं, भिंतीवर अडकवलेल्या पिशव्या. मास्तरांनी कुर्ता अंगावर घालून यायला सांगितलं. खडू घेऊन ते खाली वाकतील म्हणून मी उभी राहिले, तर त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवरचं कापड चिमटीत धरलं आणि इंचभर वर उचललं.

आरशात जे झालं ते जादूसारखं होतं. कुर्त्याची कंबर माझ्या कमरेवर आली. छातीचे टक जागेवर बसले. मांडीच्या मध्यापासून सुरू होणारी बाजूची चीर वर सरकली. मुंढा काखेत आला. खालच्या कडेला कुणी हातही लावला नव्हता.

“ताई, तुमचा कुर्ता लांब नाहीये,” मास्तर म्हणाले. “सगळाच्या सगळा खाली उतरलाय.”

सगळ्या गोष्टीचं मर्म त्या चिमटीत होतं. माणसाची उंची जमिनीलगत साठलेली नसते. खांदा ते छाती, छाती ते कंबर, कंबर ते सीट, सीट ते गुडघा, प्रत्येक टप्प्यात ती थोडी थोडी वाटलेली असते, आणि वाटणीही सारखी नाही. उंच आणि बुटक्या माणसांतला बराचसा फरक पायांत असतो. खालून चार इंच कापले की कपडा चार इंच आखूड होतो, पण वरचे टप्पे जिथल्या तिथेच चुकलेले राहतात. बूटकट जीन्सचं तर विचारूच नका. तिचा गुडघ्याशी असणारा निमुळता भाग माझ्या नडगीवर येतो, आणि खालचा घेर, ज्याच्यासाठी पैसे मोजले, तो मास्तरांच्या कात्रीखाली जातो.

गंमत अशी, की हे सगळं फार पूर्वी मोजून झालेलं आहे. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं (गृहशास्त्राचा विभाग तेव्हा त्या खात्यात होता) सुमारे १५ हजार स्त्रियांची मापं घेतली. प्रत्येकीची ५९! रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांचा त्यावरचा अहवाल १९४१ मध्ये आला. त्यात अमेरिकेतल्या फक्त गोऱ्या स्त्रियांचा हिशेब धरला होता, ही त्यातली मोठी खोट. तरी एक गोष्ट स्पष्ट झाली : बाईचा घेर ठाऊक असला म्हणून तिच्या उंचीचा अंदाज बांधता येत नाही. १९४० च्याच दशकात न्यूयॉर्कची डिझायनर हॅना ट्रॉय हिनं महायुद्धात सैन्यसेवेत आलेल्या स्त्रियांची मापं चाळली. तिला दिसलं की बहुतेकींची खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी कपडेवाल्यांनी धरली होती त्याहून कमी आहे. आमच्या मास्तरांनी चिमटीत पकडलेला तोच इंच. त्यातून तिनं पेटीट कपडे काढले.

मग १९५८ मध्ये अमेरिकेत स्त्रियांच्या कपड्यांचं सरकारी प्रमाण आलं. छातीसाठी आकडा, सीटसाठी अधिक-उणे चिन्ह आणि उंचीसाठी अक्षर. टी म्हणजे टॉल, आर म्हणजे रेग्युलर, आणि एस म्हणजे शॉर्ट! माझ्या शर्टावर ज्या अक्षराचा अर्थ ‘बारीक’ आहे, तेच अक्षर एका काळी माझी उंची सांगत होतं. उत्पादकांना हे जंजाळ परवडेना. प्रत्येक साइज तीन उंच्यांत शिवायचा म्हणजे तिप्पट माल, तिप्पट जागा. १९८३ मध्ये ते प्रमाण मागे घेतलं गेलं. एस उरला, शॉर्ट गेला.

जपानी लोकांनी मात्र हा रकाना सोडला नाही. त्यांच्या प्रमाणात स्त्रियांसाठी चार उंच्या आहेत : टी १६६, आर १५८, पी १५० आणि पीपी १४२ सेंटिमीटर. मी १४७. म्हणजे मी पी. कुठल्या तरी कोष्टकात स्वतःचं घर सापडण्याचा आनंद मला पन्नाशीच्या तोंडावर मिळाला.

आणि मग लक्षात आलं, की दोन आकड्यांचं हे गणित माझ्या कपाटातच घडी घालून ठेवलं होतं. साडी घ्या. साडीला लांबी असते आणि पन्हा असतो. लांबी अंगाभोवती फिरते; बाई जाड असली तर दोन निऱ्या कमी पडतात, बारीक असली तर दोन वाढतात. पन्हा उभा जातो, कमरेपासून पायांपर्यंत. साधारण ४५ इंचांच्या पन्ह्यातलं जवळजवळ वीतभर कापड मी कमरेशी आत खोचते. माझी साडेपाच फुटी मैत्रीण तीच साडी तीन-चार इंच खोचून नेसते. घेराचा हिशेब निऱ्यांत, उंचीचा खोचण्यात. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. कृषी खात्याला १५ हजार बायका मोजून जे कळलं, ते आपल्या नेसण्यात आधीपासून होतं.

ऐरोलीत तर याचं आणखी देखणं रूप होतं. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, त्याच्या कितीतरी आधीपासून ऐरोली, दिवा, रबाळे ही आगरी-कोळ्यांची गावं खाडीच्या कडेला होती. कोळणीचं लुगडं कासोटा घालून गुडघ्याशी घट्ट नेसलेलं, कारण काम पाण्यात आणि चिखलात. कपड्याची लांबी ती कारखान्यावर सोडत नव्हती. रोज सकाळी स्वतः ठरवत होती. खणाची चोळीही पुढे गाठ मारून अंगाबरोबर बसवायची.

म्हणून मी उद्यापासून लुगडं नेसून ऑफिसला निघेन असं नाही. शिवाय साडीलाही तिचे दोष आहेत. रुंद काठाची पैठणी नेसले की माझ्यात निम्मी बाई आणि निम्मा काठ दिसतो.

शिंप्यांच्या भाषेतही हे शहाणपण आहे. ते कपड्याच्या लांबीला ‘उंची’च म्हणतात आणि मापाच्या वहीत तो आकडा सगळ्यात आधी लिहितात. शिवणीत जे जादा कापड आत ठेवतात त्याला म्हणतात ‘माया’. तयार कपड्यात माया नसते हे वाक्य मी विनोदानं लिहीत नाही. कापड वाचवायला शिवणी इतक्या काठावर घेतात की उसवून काही मिळत नाही. माझी आई माझे परकर ‘वाढत्या अंगाचे’ शिवायची. खाली एकावर एक दोन दुमडी, दर वर्षी एक उसवायची. मी तेराव्या वर्षी वाढायची थांबले. शेवटच्या परकराची दुमड अजून तशीच आहे.

आपल्या देशानंही मोजायला घेतलं. निफ्ट या संस्थेनं ‘इंडियासाइज’ नावानं पाहणी हाती घेतली : १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांहून अधिक माणसांची मापं, सहा शहरांत, टेपऐवजी थ्री-डी स्कॅनरनं. काही सेकंदांत शेकडो मापं, तीही अंगाला हात न लावता. अमेरिका, ब्रिटन, चीन, कोरिया यांनी अशा पाहण्या आधीच केल्या आहेत. याच निफ्टचं एक आवार ऐरोलीहून पनवेलच्या गाडीत बसलं की खारघरला लागतं. त्या कोष्टकात घेराशेजारी उंचीचा स्वतंत्र रकाना असावा आणि तो लेबलवर छापलाही जावा, एवढंच माझं मागणं आहे. नाहीतर भारतीय एस आणि परदेशी एस, दोन्ही मला सारखेच लोंबतील.

तोवर लेबल कापण्याआधी वाचा. चीनच्या नावापुढे १५० किंवा १५५ दिसलं, तर ट्रायल रूममध्ये न्या. आणि आत गेल्यावर आरशात बघण्याआधी, गाडीतली कडी धरतो तसे दोन्ही हात वर करा. खालची कड कुठलाही मास्तर अर्ध्या तासात आखूड करून देतो. मुंढा वर घ्यायचा तर बाह्या, गळा, खांदे, सगळंच उसवावं लागतं.