न सुटणारा डाव

थोड्या पैशांच्या ऑनलाइन पोकरमध्ये हरणाऱ्या खेळाडूची सर्वांत महाग सवय म्हणजे पत्ते टाकून न देणे. टेक्सस होल्डेम या प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात. मग सर्वांसाठी टेबलावर आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक पत्ता उघडतो. या टप्प्यांना फ्लॉप, टर्न आणि रिव्हर म्हणतात. दर टप्प्यावर पैसे लावता येतात, समोरच्याइतके भरून कॉल करता येतो, रेज करून बोली वाढवता येते किंवा फोल्ड होता येते. तीनपत्तीत ज्याला पॅक होणे म्हणतात, तेच हे फोल्ड.

या सवयीचे नेमके चित्र पोकर जन्मण्याच्या कित्येक शतके आधी रेखाटले गेले आणि ते उज्जैनचे आहे. शहराच्या उत्तरेला, शिप्रेकाठच्या गढकालिका परिसरात, प्राचीन उज्जयिनीचे अवशेष सापडले. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ घडते ते या उज्जयिनीत. मराठी प्रेक्षकाला ते गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे परिचयाचे आहे. मूळ नाटकाच्या दुसऱ्या अंकात संवाहक नावाचा अंग चेपणारा माणूस द्यूतात दहा सुवर्ण हरतो आणि पळतो. माग लागू नये म्हणून उलट्या पावलांनी तो एका ओस देवळात शिरतो आणि मूर्तीच्या जागी उभा राहतो. अड्ड्याचा मालक माथुर, ज्याला सभिक म्हणत, आणि त्याचा सोबती तिथेच फासे टाकू लागतात. फाशांचा आवाज कानावर येताच संवाहकाला राहवत नाही. ‘डाव माझा’ म्हणत तो पुढे येतो आणि पकडला जातो. सुरक्षित जागा सोडून नको त्या डावात उडी घेण्याची ही ओढच छोट्या टेबलांवरच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी असते.

तिचे पहिले रूप पत्त्यांच्या निवडीत दिसते. ५२ पत्त्यांतून दोन-दोनच्या १,३२६ जोड्या होतात. किंमत आणि रंग लक्षात घेऊन त्यांचे १६९ प्रकार मानतात. नऊ जणांच्या टेबलावर त्यांतला पाचवा हिस्सा खेळला तरी पुष्कळ झाले. पण ‘दोन्ही बदाम आहेत’ म्हणून राजा-दुर्री खेळली जाते. दोन्ही पत्ते एका रंगाचे असल्याने जिंकण्याची शक्यता जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी वाढते आणि फ्लॉपवरच एका रंगाच्या पाच पत्त्यांचा पूर्ण फ्लश जमणे शंभरात एकदाही होत नाही. एक्क्याबरोबर कोणताही पत्ता खेळणे त्याहून घातक. एक्का-सत्ती घेऊन बसलेल्यापुढे एक्का-राजा असेल, तर सत्तीवाला चारातून साधारण एकदाच जिंकतो. टेबलावर एक्का उघडला की त्याचे नुकसान वाढतेच, कारण आता फोल्ड व्हायला त्याचे मन घेत नाही.

बसण्याच्या जागेचाही विचार बहुतेक जण करत नाहीत. शेवटी बोलणाऱ्याला आधीच्यांनी काय केले ते दिसते, सुरुवातीला बोलणारा अंधारात असतो. म्हणून शेवटी बोलायला मिळणाऱ्या डीलरच्या जागेवरून जे पत्ते खेळण्याजोगे असतात, तेच पहिल्या जागेवरून टाकून द्यावे लागतात. अशा कच्च्या पत्त्यांवर रेज न करता नुसते किमान पैसे भरून शिरणे ही त्याचीच जोडचूक. त्याने कोणी फोल्ड होत नाही आणि चार-पाच जणांच्या गर्दीत चांगली जोडीही दुबळी पडते.

खरे पैसे जातात ते पत्त्यांच्या आशेवर. समजा, फ्लॉपनंतर हातचे दोन आणि टेबलावरचे दोन असे चार बदाम झाले आहेत. न दिसलेले पत्ते ४७, त्यांत बदाम ९. म्हणजे पुढचाच पत्ता बदाम येण्याची शक्यता १९ टक्के. पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या पैशांत, ६० रुपये आहेत आणि समोरच्याने आणखी ६० लावले. आता ६० भरून १२० मिळवायचे आहेत, त्यासाठी तीनातून एकदा, म्हणजे ३३ टक्के वेळा जिंकायला हवे. पुढची बोली बाजूला ठेवली तर असे शंभर कॉल केल्यावर १९ वेळा १२० येतात आणि ८१ वेळा ६० जातात. एकूण तोटा २,५८० रुपये, दर कॉलला जवळजवळ २६. हेच समोरच्याने केवळ १५ लावले असते, तर १७ टक्क्यांहून कमी शक्यताही पुरली असती आणि कॉल बरोबर ठरला असता.

इथे अर्धवट ज्ञानही घात करते. टर्न आणि रिव्हर हे दोन्ही पत्ते मिळून बदाम येण्याची शक्यता ३५ टक्के असते, हा आकडा अनेकांना पाठ असतो. पण तो दोन्ही पत्ते एकाच किमतीत पाहायला मिळाले तरच लागू पडतो. टर्नवर समोरचा पुन्हा पैसे मागणार असेल, तर आजच्या ६० रुपयांनी एकच पत्ता विकत घेतलेला असतो. मधला एक पत्ता कमी असलेली सीक्वेन्स पुरी करण्याची आशा तर आणखी तोकडी: ४७ पैकी ४ पत्ते, साडेआठ टक्के.

सर्वांना कॉल करण्याची सवय असलेल्या टेबलावर ब्लफ करणे, म्हणजे हातात काही नसताना पैसे लावणे, ही या आजाराची दुसरी बाजू. पॉटच्या निम्मे पैसे लावून केलेला ब्लफ तीनातून एकदा यशस्वी झाला तरी पैसे वसूल होतात. एकच प्रतिस्पर्धी असेल आणि तो ६० टक्के वेळा पत्ते टाकत असेल, तर ब्लफ फायद्याचा. पण असेच तिघे समोर असतील, तर तिघेही टाकण्याची शक्यता २२ टक्क्यांपेक्षा कमी उरते. पत्ते न टाकणाऱ्यांकडून पैसे घेण्याचा मार्ग सरळ आहे: चांगले पत्ते आले की भरपूर लावायचे. ते न करता मोठे पत्ते लपवत हळू खेळण्याने दुहेरी नुकसान होते. पॉट लहान राहतो आणि दुसऱ्याला आपला फ्लश स्वस्तात पुरा करायला मिळतो. उलट, रात्रभर नुसते कॉल करणारा शांत खेळाडू रिव्हरवर अचानक मोठा रेज करतो, तेव्हा त्याच्याकडे बहुधा खरोखरच मोठे पत्ते असतात. तिथे एका जोडीवर कॉल करणे म्हणजे पैसे दान करणे.

टेबल चालवणाऱ्याचा वाटा, रेक, हा न दिसणारा प्रतिस्पर्धी. तो दर पॉटमागे साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असतो, पण त्याला वरची मर्यादा असल्याने मोठ्या पॉटना तो हलका आणि छोट्यांना जड पडतो. हेही नवे नाही. कौटिल्याने द्यूताध्यक्षाला जिंकलेल्या रकमेच्या पाच टक्के घ्यायला सांगितले. याज्ञवल्क्यस्मृतीत सभिकाला मोठ्या डावावर पाच टक्के, तर लहानावर दहा आहेत. काठावर जिंकणारा छोटा खेळाडू म्हणूनच वर्षअखेर तोट्यात निघतो.

ऑनलाइन खेळात या सगळ्याला वेग येतो. पत्ते आपोआप वाटले जातात, एकाच वेळी चार टेबले उघडता येतात आणि हरल्यावर पुन्हा पैसे भरायला क्षणही पुरतो. हरलेले परत मिळवण्यासाठी मोठ्या टेबलावर जाणे ही सर्वांत विनाशक चूक याच वेगातून घडते. संवाहकाचे देणे शेवटी वसंतसेनेने हातातले कंकण देऊन फेडले आणि तो भिक्षू झाला. असे कंकण कोणाच्या वाट्याला येईल, हे गृहीत धरता येत नाही.

भारतात रमीला सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले होते. पोकरबद्दलचा वाद त्यानंतरही चालू राहिला आणि २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार ठरवले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या केंद्रीय कायद्यात हा भेद उरला नाही: कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ पुरवण्यास बंदी आहे. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यासाठी शिक्षा नाही. मात्र परदेशातून चोरून चालणाऱ्या टेबलावर अडकलेली रक्कम परत मागायला दार उरत नाही. ज्याला या खेळातले गणित आवडते, त्याने ते घरी पत्त्यांचा कॅट आणि बिनपैशाच्या चिप्स घेऊन शिकावे आणि असल्या ॲपवर एक रुपयाही भरू नये.