नट सुटत नाही? जोर नको, दम धरा

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्वतः मोपेड नाहीतर स्कूटर चालवतात. कुणी डेअरीला दूध घालायला, कुणी बाजारात पापड-मसाले न्यायला, कुणी गटाचा हप्ता बँकेत भरायला. पण गाडी रुसली की अजूनही घरातल्या माणसांची वाट बघत बसावं लागतं, नाहीतर ढकलत गॅरेज गाठावं लागतं. दिवस मोडतो, आणि काम निघतं पाच मिनिटांचं. म्हणून या वेळी घरच्या घरी जमणाऱ्या दुरुस्तीबद्दल बोलू. कडबाकुट्टी आणि विळ्यांचंही थोडं सांगते, कारण लोखंड सगळीकडे सारखंच वागतं.

सुरुवात गंजलेल्या नटापासून करते, कारण सगळ्यात जास्त नासधूस इथेच होते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये जेमतेम केसाएवढी फट असते, ती गंजाने ठासून भरते. अशा नटावर अंगातला सगळा जोर लावला की एकतर त्याचे कोपरे झिजून तो गोल होतो, नाहीतर बोल्ट मोडून अर्धा आतच राहतो. मग दोन-चार रुपयांच्या नटापायी ड्रिल मारून घ्यायची वेळ येते.

त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने वरचा गंज झाडून काढा. थोड्या डिझेलमध्ये इंजिन ऑइलचे चार थेंब मिसळा आणि नटाच्या मुळाशी सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी हातोडीने नटाच्या बाजूंवर हलकेच ठोका, अगदी टिचक्या मारल्यासारखं. त्या हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरतं. आता पाना लावा, पण लगेच उलटा फिरवू नका. आधी किंचित आवळल्यासारखा करा. नट जरासा हलला की मग सोडवायला घ्या. अर्धा फेरा सोडवा, पाव फेरा परत आवळा, पुन्हा तेल, असं करत या. तरी नाही सुटला तर अजून एक रात्र जाऊ द्या. यात मनगटाची ताकद फार लागत नाही, त्यामुळे हे बायकांचं काम नाही वगैरे कुणी म्हणत असेल तर ऐकून सोडून द्या.

समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की नट आवळतो, उलट फिरवलं की सुटतो. याला मोजकेच अपवाद आहेत. सायकलचा डावा पायडल त्यातलाच एक, त्याचे आटे उलटे असतात. तो चुकीच्या बाजूला ओढत बसलं तर जन्मात सुटायचा नाही, उलट जास्तच घट्ट होईल.

पाना निवडताना रिंग पाना घ्या. तो नटाला सगळ्या बाजूंनी धरतो. कमी-जास्त करता येणारा पाना सोयीचा वाटतो खरा, पण तो सैल बसतो आणि कोपरे खातो. पक्कड तर नटाला लावूच नका. आणि हो, डिझेल लावलेल्या नटाला जाळ दाखवायचा नाही. गॅरेजवाले नट तापवून सोडवतात, कारण तापलेला नट प्रसरण पावतो. पण गाडीत पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते. ते काम त्यांचंच राहू दे.

स्क्रूची खाच झिजली असेल तर जुन्या ट्यूबचा छोटा तुकडा खाचेवर ठेवा, त्यावर स्क्रू ड्रायव्हर दाबून धरा आणि सावकाश फिरवा. रबराने पकड येते आणि पुष्कळदा स्क्रू निघून येतो.

आता गाडी सुरू होत नाही तेव्हाचं. पेट्रोल आहे का, हँडलवरचं लाल बटण कुणी पोराने बंद केलंय का, हे आधी बघा. हसू नका, गाड्या यापायीही ढकलत नेल्या जातात. सेल्फ नुसताच कटकट करत असेल तर बॅटरीची टोकं बघा. तिथे पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल तर वीज नीट जात नाही. तारा काढताना आधी उणे खुणेची, म्हणजे काळी तार काढायची, आणि बसवताना तीच शेवटी बसवायची. उलट केलं आणि पाना चुकून गाडीच्या सांगाड्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. त्याच कारणाने हातातल्या बांगड्या, अंगठी, लोंबणारं मंगळसूत्र आधी काढून ठेवा. धातूची बांगडी बॅटरीच्या दोन टोकांत अडकली तर क्षणात लाल होते आणि मनगट भाजतं. भुकटीवर कोमट पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा जुन्या टूथब्रशने लावा. फेस येऊन भुकटी निघेल. ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण कोरडं करा, तारा घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा.

स्पार्क प्लग काढायचा तर इंजिन थंड हवं. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळी धरली असेल तर मऊ ब्रशने साफ करा. खरी काळजी तो परत बसवताना घ्यायची. आधी बोटांनी उलटा फिरवा, आटे जागेवर टपकन बसल्याचं जाणवेल, मग बोटांनीच सरळ फिरवत न्या. पाना फक्त शेवटी. पहिल्यापासून पान्याने दाबलं आणि प्लग तिरका गेला, तर इंजिनच्या डोक्याचे ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि खर्च हजारांत जातो.

मोपेडची चेन साफ करताना इंजिन बंद ठेवा, चाक हाताने फिरवा. चालू चेनला फडकं लावायची सवय बोटं घेऊन जाते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसलेला दिसला तर उपटू नका. तो आत असेपर्यंत हवा हळूहळू जाते. हवा भरून घ्या आणि सावकाश पंक्चरवाल्याकडे जा.

विळा किंवा कडबाकुट्टीचं पातं ग्राइंडरवर लावताना एका जागी दाबून धरू नका, दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवा. पात्याच्या कडेवर निळसर झाक आली की लोहाराने दिलेलं पाणी उतरलं म्हणून समजा. मग कितीही धार लावा, दोन पेंढ्यांत बोथट. पदर खोचलेला, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा, हे तिथे हवंच. कुट्टीचं पातं काढण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून आपल्या नजरेसमोर ठेवा.

पेट्रोलचा, डिझेलचा किंवा औषधाचा रिकामा पिंप कापून टाकी करायची कल्पना कुणाला सुचली तर तिला थांबवा. पिंप रिकामा दिसतो, पण आत वाफ उरलेली असते. ग्राइंडरची किंवा वेल्डिंगची एक ठिणगी पडली की तो फुटतो.

ब्रेक, नव्या गाड्यांची पेट्रोल फवारणीची यंत्रणा आणि बॅटरीवरच्या गाडीची मोठी बॅटरी ही तीन कामं घरी उघडायची नाहीत. ब्रेकवर तेल तर चुकूनही नको.

गटासाठी एक पेटी करता येईल. 8, 10, 12 आणि 14 चे रिंग पाने, प्लगचा पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, छोटी हातोडी, तारेचा ब्रश, तेलाची बाटली आणि एक जुनी ताटली. ताटली यासाठी की काढलेले नट-वायसर काढले त्याच क्रमाने तिच्यात ठेवायचे. पेटी कुणी नेली, कधी परत केली, हे बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत चला, नाहीतर 10 चा पाना पहिल्याच महिन्यात हरवतो.