कुत्र्याचा नायटा: केस उगवले, पण बुरशी गेली का?

मुलाच्या मानेवर एक गोल, लालसर चट्टा उठतो. आठवड्याभराने आईच्या हातावर तसाच दुसरा. मग कुणाच्या तरी लक्षात येते की घरातल्या कुत्र्याच्या कानामागेही रुपयाएवढ्या जागेतले केस गेले आहेत आणि तिथे कोंडा धरला आहे. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली जाते आणि तीच सगळ्यांना लावली जाते, कुत्र्यालाही. चार दिवसांत लाली उतरते, पण काही आठवड्यांत चट्टा आणखी मोठा होऊन परत येतो. मग घरातली वडीलधारी मंडळी निकाल देतात: कुत्र्याला गावी शेतावर सोडून या.

कुत्र्याचा नायटा (गजकर्ण) बरा होणारा आजार आहे. तो चिवट ठरतो, कारण आपण औषध डागाला लावतो आणि बुरशी केसांत व घरात बसलेली असते.

कुत्र्यांमध्ये हा आजार बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतो. तिच्या नावात कुत्रा असला तरी तिचे मुख्य घर मांजर आहे. अंगावर एकही डाग नसलेले मांजरही ती बाळगू शकते. माती उकरणाऱ्या कुत्र्याला जमिनीतल्या बुरशीची लागण होते, तर उंदरांमागे धावणाऱ्याला त्यांच्या अंगावरच्या बुरशीची. या सर्व बुरशी केराटिनवर, म्हणजे केस, नखे आणि कातडीचा वरचा मृत थर यांवर जगतात. बुरशी शिरलेला केस ठिसूळ होऊन तुटतो आणि सोबत असंख्य बीजाणू घेऊन सोफ्यावर, सतरंजीवर, ब्रशमध्ये पडतो. कोरड्या जागी हे बीजाणू कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक तग धरतात. वरून चोपडलेले मलम केसाच्या मुळाशी पोहोचत नाही. कुत्रा ते चाटून टाकतो, ते वेगळेच.

त्या मलमात स्टिरॉइड असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. खाज आणि लाली ही शरीराने बुरशीशी चालवलेल्या झुंजीची खूण असते. स्टिरॉइड ती झुंजच थांबवते. आराम पडल्यासारखे वाटते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून 2018 मध्ये नियम कडक झाले, तरी ती आजही सहज मिळतात. गाडीचे जळके ऑइल, रॉकेल, फिनेलची आंघोळ हे उपाय तर सरळ विषारी आहेत.

मुळात प्रत्येक गोल डाग नायटा नसतो. कुत्र्यांमध्ये असे डाग जिवाणूंमुळे किंवा केसांच्या मुळाशी राहणाऱ्या डेमोडेक्स या सूक्ष्म किडीमुळेही पडतात. कातडी तेलकट झाली आहे, वास येतो आहे, कुत्रा पंजे चाटतो आहे, तर बहुधा मॅलॅसेझिया ही यीस्ट वाढलेली असते. ती माणसाला सहसा लागत नाही. तिच्यामागे बरेचदा ॲलर्जी असते आणि ती शोधल्याशिवाय दर पावसाळ्यात तेच पुन्हा होते. म्हणून आधी तपासणी हवी. पशुवैद्य कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वूड्स दिव्याच्या अतिनील प्रकाशात मायक्रोस्पोरम कॅनिस शिरलेले केस हिरवट चमकतात, पण इतर बुरशी सहसा चमकत नाहीत. त्यामुळे चमक दिसली नाही म्हणून नायटा नाही, असे म्हणता येत नाही. कल्चर खात्रीचे, पण त्याला दोन-तीन आठवडे लागतात. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत याबाबत चौकशी करावी.

उपचार दोन्ही बाजूंनी करावे लागतात. पोटातून इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन दिले जाते. मात्रा वजनावर ठरते आणि काही वेळा यकृताची तपासणी करावी लागते. घरातल्या माणसाच्या उरलेल्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. जुने ग्रिझिओफल्विन गाभण कुत्रीला चालत नाही. सोबत आठवड्यातून दोनदा मायकोनॅझोल-क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू लावावा आणि फेस दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा. बहुतेक घरांत दोन मिनिटांत पाणी ओतले जाते आणि महागडा शाम्पू मोरीत जातो.

महिन्याभरात केस उगवू लागतात आणि इथेच बहुतेकांचा उपचार थांबतो. खरे तर दिसणारा डाग आधी जातो आणि बुरशी मागाहून. दीड-दोन महिने, कधी त्याहून अधिक काळ औषध लागते आणि ते कल्चरमध्ये बुरशी उगवत नाही असे दिसल्यावरच थांबवायचे असते. इतके करूनही आजार परतत असेल तर घरातले मांजर तपासावे आणि कुत्र्याला थायरॉइडसारखा दुसरा आजार आहे का, तेही पाहावे.

घर साफ करण्याचा धसका घेण्याचे कारण नाही. ही बुरशी फरशीवर वाढत नाही, नुसती पडून राहते. कोरड्या झाडूने केस उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत, फरशी साबणाने धुवावी आणि मग पातळ केलेले ब्लीच दहा मिनिटे राहू द्यावे. कुत्र्याची चादर दोनदा धुवावी. ब्लीच कुत्र्याच्या अंगाला मात्र लावू नये.

आणि माणसांचे काय? गेल्या दशकभरात भारतात पसरलेला, औषधांना न जुमानणारा नायटा प्रामुख्याने वेगळ्याच बुरशीचा आहे. 2020 मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळाले. ती मुख्यतः माणसाकडून माणसाला लागते. जांघेत, कमरेला घरभर नायटे असतील तर कुत्र्याकडे बोट दाखवण्याआधी एकच टॉवेल किती जण वापरतात ते पाहावे. मुलाच्या डोक्यावर केस गेलेला चट्टा असेल तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घरातल्या प्राण्याबद्दल आवर्जून सांगावे. तिथे मलम पुरत नाही, पोटातून औषध लागते. केमोथेरपी सुरू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीने कुत्रा बरा होईपर्यंत त्याच्यापासून दूर राहावे.

बाकीच्यांनी त्याला धुता येईल अशा एका खोलीत ठेवावे, पण एकटे पाडू नये. पिल्लू असेल तर हेच त्याचे माणसांची सवय होण्याचे वय असते. रोज खेळायला घ्यावे, नंतर हात साबणाने धुवावेत आणि अंगावरचा शर्ट बदलावा.