मालवण येऊन गेलां?

बोट म्हटलं की आमच्या सासूबाईंना आधी लिंबू आठवतं. मळमळायला लागलं की नाकाशी धरायला! जानेवारी २०१९ मध्ये आम्ही दोघी ‘आंग्रिया’ने मुंबईहून गोव्याला निघालो, तेव्हाही त्यांच्या पर्समध्ये दोन लिंबं होतीच.

आत शिरल्यावर मात्र त्या बघतच राहिल्या. एसी खोल्या, पोहण्याचा तलाव, स्पा, बार... “गो, ही बोट की हॉटेल?”

मी त्यांना या बोटीची जन्मकथा सांगितली. ‘आंग्रिया’ काही नवीकोरी नव्हती. १९९७ मध्ये जपानमध्ये बांधलेली ही फेरीबोट. तेव्हाचं नाव ‘ओगासावारा मारू’. टोकियोपासून सुमारे हजार किलोमीटरवर ओगासावारा बेटं आहेत. तिथं विमानतळ नाही. ही बोट पंचवीस-साडेपंचवीस तास चालून चिचिजिमा बेटाला लागायची, साधारण आठवड्यातून एकदा. माणसं, टपाल, ताजी भाजी सगळं तिच्यातूनच. स्वस्त तिकिटात मोठ्या दालनात जमिनीवर ओळीने आडवं व्हायचं. परतीला निघाली की बेटावरची माणसं होड्या घेऊन निरोपाला मागे यायची. आणि बेटावर बाळंतपणाची सोय नाही, म्हणून दिवस भरायच्या कितीतरी आधी बायकांनी बोटीत बसून मोठ्या शहराकडे जायचं.

आई थबकल्या. “म्हणजे आमच्यासारखांच की!”

मग त्या बोलतच सुटल्या. १९६६ साली, सातवा महिना लागल्यावर, त्या गिरगावातल्या बिऱ्हाडातून मालवणला माहेरी निघाल्या. पहिलं बाळंतपण. डेकवर वळकटी पसरून बसायचं, शेजारी ट्रंक, डब्यात भाकऱ्या. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड... प्रत्येक बंदराला कुणी उतरायचं, कुणी चढायचं. मालवणला बोट लांब खोल पाण्यातच उभी राही. खाली पडाव लाटेबरोबर वरखाली व्हायचा. “लाट वर इली की पाय टाक,” खलाशी ओरडायचा. पोटात सात महिन्यांचं बाळ, एका हाताने दोर धरलेला, आणि लाट चुकली तर?

“भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“वाटली तर काय? पलीकडे आई उभी होती.”

मे महिन्यात मुलगा झाला. तेवढ्यात पावसाळ्यासाठी बोटी बंद झाल्या. एसटीने घाट चढून तान्ह्या बाळाला न्यायचं कुणाच्या मनात येईना. नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या, तेव्हा कुठं बापाने लेकराचं तोंड पाहिलं. ते लेकरू म्हणजे माझा नवरा! इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पहाटे जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा. धावत डेकवर गेले. आई कठड्याला धरून काळोखात बघत उभ्या होत्या. फार लांब एखाद-दुसरा दिवा लुकलुकत होता.

“मालवण येऊन गेलां?”

“आई, ही बोट मध्ये कुठेच थांबत नाही. थेट गोवा.”

त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “मग ही बोट कोणासाठी गो?”

उत्तर मला देता आलं नाही. पर्यटकांसाठी, असं म्हणणं सोपं होतं. आम्हीही पर्यटकच होतो की! सुट्टी मजेत गेली, जेवण छान होतं. तक्रार कशाची करायची?

२०२० मध्ये कोरोना आला आणि ‘आंग्रिया’च्या फेऱ्या थांबल्या. आज ती या मार्गावर नाही. ऑक्टोबर २०१८ पासून जेमतेम दीड वर्षाची ती कारकीर्द. त्याआधी जपानमध्ये तिने एकोणीस वर्षं काढली होती. २०१६ मध्ये ती जुनी झाली, तेव्हा त्या बेटांसाठी त्याच नावाची नवी, अधिक वेगाची बोट आली. बेटावरच्या गरोदर बाईची वाट बंद झाली नाही. आमच्या कोकणच्या बोटी थांबल्या त्या थांबल्याच. अनेक वर्षांनी बोट आली ती तलाव नि बार घेऊन, पण मालवणला न थांबणारी.

घरी आल्यावर मी आईंची पर्स रिकामी केली. दोन्ही लिंबं तशीच होती.

“लागलीच नाहीत?”

“हलली खंय बोट?” तक्रार केल्यासारख्या सुरात त्या म्हणाल्या, आणि लिंबं फ्रीजमध्ये ठेवायला निघून गेल्या.