टनेल टाकलं, पण अंतर कुठे गेलं?

समजा, एक चालू व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये हलवायचं आहे आणि त्याचा आयपी पत्ता बदलायचा नाही. अडचण अशी की आयपी पत्ता सेगमेंटशी बांधलेला असतो. मशीन राउटरपलीकडे गेलं की जुना पत्ता तिथे चालत नाही. मग उपाय काय? मशीनबरोबर सेगमेंटच तिकडे न्यायचा. यासाठी आज सर्रास वापरलं जाणारं तंत्र म्हणजे व्हीएक्सलॅन. त्याचं वर्णन ऑगस्ट २०१४ च्या आरएफसी ७३४८ मध्ये आहे.

पाकिटात पाकीट

दोन्ही ठिकाणी टनेलचं एकेक टोक असतं, त्याला व्हीटेप म्हणतात. मशीनने सोडलेली इथरनेट फ्रेम हे टोक जशीच्या तशी उचलतं, तिच्यावर व्हीएक्सलॅन, यूडीपी आणि आयपी अशी हेडरं चढवतं आणि पलीकडच्या टोकाच्या ४७८९ या पोर्टवर पाठवून देतं. तिथे पाकीट फोडून आतली फ्रेम सोडली जाते. मधल्या राउटरांना आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. सेगमेंटचा क्रमांक २४ बिटांचा असतो. म्हणजे व्हीलॅनच्या १२ बिटांत जेमतेम ४,०९४ सेगमेंट बसत होते, तिथे आता १ कोटी ६७ लाखांहून जास्त बसतात.

५० बाइट कुठून आले?

आतलं इथरनेट हेडर १४, व्हीएक्सलॅन ८, यूडीपी ८, बाहेरचं आयपी २०. बेरीज ५०. म्हणजे १,५०० बाइटांचं पॅकेट बाहेर पडताना १,५५० चं होतं. मधल्या मार्गाची मर्यादा १,५०० असेल तर? व्हीटेपने तुकडे करायचे नाहीत, असं आरएफसी स्पष्ट सांगतो. शिवाय दोन्ही मशीनना वाटतं की आपण एकाच सेगमेंटवर आहोत. मध्ये त्यांना दिसणारा राउटरच नाही, मग ‘आकार कमी करा’ हा निरोप देणार कोण? लक्षण ठरलेलं: पिंग जातं, छोटी कामं होतात, मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं अडकतं. म्हणून एक तर मधल्या मार्गाचा एमटीयू वाढवायचा, नाही तर आतला १,४५० करायचा.

जे लपत नाही ते

एमटीयूचा प्रश्न सेटिंग बदलून सुटतो, अंतराचा सुटत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. १,००० किलोमीटरच्या फायबरवर नुसतं जाऊन यायला १० मिलिसेकंद लागतात. एकाच सेगमेंटवर आहोत असं धरून लिहिलेल्या सॉफ्टवेअरला हा उशीर अपेक्षित नसतो.

आता गंमत बघा. मशीन तिकडे गेलं, पण गेटवे इकडेच राहिला. तर शेजारच्या सबनेटला पाठवलेलं पॅकेटही आधी इकडे येणार आणि परत तिकडे जाणार! एका प्रश्नोत्तराला दोन फेऱ्या पडू शकतात. एआरपीसारखे ब्रॉडकास्टही टनेलमधून जातात. हे ओझं ईव्हीपीएन बरंच कमी करतं, कारण कुठला मॅक पत्ता कुठल्या टोकामागे आहे ही माहिती ते बीजीपीने आधीच पोहोचवतं. आणि दुवा तुटला तर? दोन्हीकडची सर्व्हरं स्वतःलाच मुख्य समजू शकतात. डेटाबेसच्या बाबतीत हे फार महागात पडतं.

मग संशोधनाचा प्रश्न कोणता?

‘सेगमेंट ताणता येतो का?’ याचं उत्तर केव्हाच मिळालंय. खरा प्रश्न असा: या ॲप्लिकेशनला एकच सेगमेंट खरंच लागतो का, की फक्त पत्ता टिकवायचा आहे? दुसरं असेल तर राउटिंगनेही भागू शकतं आणि ब्रॉडकास्टचा पसारा टळतो.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. लिनक्सच्या एका लॅपटॉपवर दोन नेटवर्क नेमस्पेस करा, मध्ये व्हीएक्सलॅन टाका आणि नेटएमने बाहेरच्या दुव्यावर उशीर वाढवत न्या. पोर्ट ४७८९ स्वतः लिहा, नाही तर लिनक्स जुनं ८४७२ धरतं. दर पायरीला तुमच्या ॲप्लिकेशनचा प्रतिसाद मोजा. आलेख कुठे वाकतो ते सापडलं, की तुमच्या प्रबंधाचा पहिला प्रश्न तिथेच सापडेल.