हळदीने जंतू मरतात का?

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीनंतर आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "आजी फोनवर सांगते, घसा दुखला की हळद-दूध घे, हळदीने जंतू मरतात. डॉक्टरांनी तर अँटिबायोटिक दिलं. मग खरं कोणाचं?" तास संपत आला होता. "दोघांचंही," असं म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण परत जाताना गाडीत आमचं आम्हालाच ते उत्तर पटेना. आम्हा शिकवणाऱ्यांपैकी दोघी प्रयोगशाळेत काम करतात, म्हणून हे नीट लिहून काढायचं ठरवलं.

मुलांनो, आजीचं वाक्य तपासायचं तर आधी हळदीचा अर्क काढावा लागतो. हळकुंडांची पूड अल्कोहोलमध्ये भिजत ठेवायची, गाळायची, अल्कोहोल उडवून टाकायचं आणि मागे उरलेला चिकट केशरी अर्क तोलायचा. नुसतं पाणी का नाही चालत? डब्याच्या प्लॅस्टिकवर पडलेला आमटीचा पिवळा डाग आठवा. पाण्याने कितीही धुवा, जात नाही. हळदीला पिवळा रंग देतं ते कर्क्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं.

आता जंतूंची परीक्षा. पेट्री डिश म्हणजे झाकणाची चपटी बशी. तिच्यात अगारचा थर असतो. अगार म्हणजे आईच्या जेलीतलं चायना ग्रासच, फक्त त्यात जंतूंचं खाणं मिसळलेलं. त्यावर जंतू सारखे पसरायचे आणि ६ मिलिमीटरची कागदी टिकली अर्कात भिजवून मधे ठेवायची. रात्रभर उबेत ठेवलं की सगळीकडे जंतूंची साय धरते. टिकलीभोवती जंतू वाढले नाहीत तर तिथे स्वच्छ गोल दिसतो. तो पट्टीने मोजायचा.

सोपं वाटलं ना? आमच्यातल्या एकीलाही कॉलेजात असताना तसंच वाटलं होतं. तिच्या टिकलीभोवती छान गोल उमटला आणि ती नाचतच सरांकडे गेली. सर म्हणाले, "नुसत्या अल्कोहोलची टिकली ठेवली होतीस का?" नव्हती ठेवली. दुसऱ्या दिवशी ठेवली, तर तिच्याभोवतीही तेवढाच गोल! तिने टिकली वाळू दिली नव्हती, त्यामुळे जंतू अल्कोहोलने मेले होते, हळदीने नाही. म्हणून बशीत नेहमी तीन टिकल्या हव्यात: अर्काची, नुसत्या अल्कोहोलची आणि माहीत असलेल्या अँटिबायोटिकची. आमच्या मते सगळ्या प्रयोगात महत्त्वाची टिकली मधली, जिच्यात काहीच नाही ती.

उलटीही फसगत होते. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ओल्या अगारमध्ये ते फारसं पसरत नाही. गोल लहान आला म्हणजे औषध कमजोर, असं म्हणता येत नाही. मग दुसरी रीत वापरतात. नळ्यांची रांग लावायची, प्रत्येक नळीत आधीच्या नळीच्या निम्मा अर्क आणि सगळ्यांत सारखेच जंतू. जिथपर्यंत पाणी गढूळ होत नाही ती शेवटची नळी शोधायची. अशा चाचण्यांत हळद जंतूंची वाढ रोखते हे दिसलेलं आहे. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस त्यातल्या त्यात लवकर हार मानतो. ई. कोलायला बाहेरून आणखी एक आवरण असतं, तो चिवट. पण अँटिबायोटिकपेक्षा अर्क बहुधा कितीतरी पटींनी जास्त लागतो.

अँटिऑक्सिडंटची चाचणी रंगाची असते. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं द्रावण गडद जांभळं असतं. अँटिऑक्सिडंट घातलं की ते फिकट होत पिवळं पडतं. किती फिकटलं हे यंत्र मोजतं आणि क जीवनसत्त्वाशी तुलना करतात. इथे हळदीची गंमत अशी की ती स्वतःच पिवळी! तिचा रंग आधी वजा केला नाही तर हिशेब चुकतो. २०१७ साली काही रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. कर्क्युमिन अनेक चाचण्यांना चकवतं आणि पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं, असं त्यांनी दाखवलं. नळीत जमलं ते घशात जमेलच असं नाही, ते इथे.

पालकांना हळदीच्या पेटंटची गोष्ट आठवत असेल. १९९५ साली अमेरिकेत, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा भारताच्या सीएसआयआरचे प्रमुख होते. संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण तिथे सिद्ध झालं ते एवढंच, की हा उपयोग नवा नव्हता. हळद किती गुणकारी, हा त्या खटल्यातला प्रश्नच नव्हता.

त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी सांगितलं: हळद-दूध खुशाल पी, पण डॉक्टरांच्या गोळ्या दिलेत तितके दिवस पूर्ण घे. तिने लगेच विचारलं, "मग आजीला काय सांगू?" आजीला टिकल्यांची गोष्ट सांग, म्हटलं. आजीला ती फार आवडली म्हणे.

घरी जंतू वाढवू नका, ते प्रयोगशाळेतच बरे. रंगाचा प्रयोग मात्र मोठ्यांना बरोबर घेऊन करा. औषधाच्या दुकानातलं तपकिरी आयोडीन पेलाभर पाण्यात ४-५ थेंब टाका. मग लिंबाचा रस एकेक थेंब घालत रंग जाईपर्यंत मोजा. नंतर उकळून गार केलेला रस घेऊन पुन्हा मोजा. पेल्यातलं पाणी पिऊ नका, कपडे सांभाळा. आकडे वहीत लिहून पुढच्या रविवारी आणा, फळ्यावर तक्ता करू. आणि हो, नुसत्या पाण्याचे थेंब घालून एक पेला वेगळा ठेवायला विसरू नका.