पाचाडची मुलं, वेळासचा किनारा

पहाटे साडेपाच. फेब्रुवारी संपत आला तरी पाचाडला या वेळी स्वेटर लागतो. गडाची कडा अजून अंधारात आहे. मुलं एकेक करून येतात. पाचाडची चालत येतात, हिरकणीवाडीची कुणाच्या तरी गाडीवर मागेपुढे बसून. पहिली ते चौथीचे वर्ग. दर शनिवार-रविवारी रायगड बघायला आलेल्या लोकांच्या बसा मोजत ही मुलं वाढली आहेत. आज बस त्यांच्यासाठी आली आहे.

माझं काम तासभर आधीच सुरू झालेलं असतं. यादी, पालकांच्या सह्या, प्रथमोपचाराची पेटी, लिंबं, आलेपाक, उलटीसाठी पिशव्या, दोन जादा चड्ड्या, दोन जादा फ्रॉक. दप्तरात काय असावं ते मुलांना आठवडाभर सांगितलं होतं: पाण्याची बाटली, टोपी, एक टॉवेल. वेफर्सची पाकिटं नकोत. दूध पाजून पाठवू नका, हे आयांना वेगळं सांगितलं होतं. पुढे वळणं आहेत.

सहा वाजता बस सुटली. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हा नियम आम्ही कधी मोडत नाही, म्हणून आम्हा शिक्षकांबरोबर दोन आयाही आहेत.

कोंझर, नाते ही गावं उजाडता उजाडता मागे पडतात. रस्त्याच्या सोबतीने गांधारी चालते. या दिवसांत ती नदी कमी आणि डोहांची माळ जास्त. वर्गात आम्ही तिचा नकाशा जमिनीवर खडूने काढला होता. गडावर पडलेला पाऊस एकीकडून काळ नदीत जातो, दुसरीकडून गांधारीत. दोघीही सावित्रीला मिळतात. सावित्री महाबळेश्वराहून निघते, पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्रात शिरते. आम्ही चाललोय ते वेळास गाव बाणकोटच्या पलीकडे, अगदी जवळ. म्हणजे आज आपण आपल्याच पाण्यामागून जाणार, हे मुलांना बसमध्ये बसण्यापूर्वीच ठाऊक होतं. मुलांना दूर नेताना मला हा धागा लागतोच. तो नसेल तर समुद्र त्यांच्यासाठी नुसतं मोठं चित्र होतं.

महाड सोडलं की महामार्गावर दासगावच्या बाजूला सावित्री रुंद होत जाते. इथल्या पात्रात मगरी आहेत, हे माहीत असल्यामुळे सगळी मुलं एकाच खिडकीकडे झुकली. मगर दिसली नाही. ओंडके मात्र बरेच दिसले आणि प्रत्येक ओंडक्यावर वाद झाला.

माणगावला थांबा. हा थांबा आणि इथलं स्वच्छतागृह आधी येऊन बघून गेले होते. लहान मुलींची सहल आखताना पहिली चौकशी याचीच करावी, बाकी ठिकाणं नंतर ठरतात. इडली-चटणी, थोडंच पाणी, पुन्हा मोजणी.

मोर्बा, साई, मग म्हसळ्याकडचा वळणांचा रस्ता. चौघांना उलट्या झाल्या. आलेपाक, लिंबू, पुढची सीट, डोळे दूरच्या डोंगरावर. अर्ध्या तासात चौघेही गाणी म्हणायला लागले. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला महाडच्या सिस्केप संस्थेने गिधाडं वाचवण्याचं काम उभं केलं आहे. ते मी मुलांना सांगितलं, पण तिकडे बस वळवली नाही. एका दिवसात एकच प्राणी. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत दिवसाला किती मावतं, हे शिकवता शिकवता कळत गेलं आहे. आजचा प्राणी कासव, आणि ते दिसलंच तर संध्याकाळी सहाला दिसणार. मधल्या सगळ्या तासांत माझं खरं काम एवढंच, की सहा वाजता मुलांचं पोट भरलेलं असावं, झोप झालेली असावी आणि बघायची ताकद शिल्लक असावी.

साडेदहाला बागमांडला. इथून फेरीबोट वेश्वीला जाते. आपली बस बोटीवर चढतेय हे बघून पहिलीतली दोघं रडायलाच लागली, बस बुडेल म्हणून. चालकदादांनी त्यांना खाली उतरवून बोटीचा लोखंडी तळ पायाने वाजवून दाखवला. मग सगळ्यांनीच पाय आपटून पाहिले. खाडीच्या मध्यावर आल्यावर मी त्यांना कठड्यापासून हातभर मागे उभं केलं. डावीकडे बघा, तिकडून सावित्री येते, महाडहून, गांधारीचं पाणी घेऊन. उजवीकडे समुद्र. समोर टेकडीवर बाणकोटचा हिम्मतगड, ज्याला इंग्रजांनी पुढे फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं.

दुसरीतल्या एकीने विचारलं, “बाई, आपलं पाणी आत्ता इथं पोचलंय?”

आत्ता नाही, पावसाळ्यात पोचतं, असं मी म्हटलं. आत्ता उलट होतं: भरतीला समुद्राचं पाणी खाडीतून वर महाडकडे चढतं. त्याच भरतीवर एके काळी गलबतं महाडपर्यंत जायची. ती बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिली.

वेळासला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्याचे गडगे, मधून जाणारी पाखाडी. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. चौथीच्या मुलांना ते सांगितलं, लहानांना नाही. कासव महोत्सवाच्या दिवसांत इथली बरीच घरं पाहुण्यांना जेवू घालतात, उतरायला जागा देतात. ज्या घरी जेवण सांगितलं होतं त्या काकूंनी मुलांसाठी आमटी बिनतिखट ठेवली होती. भात, आमटी, बटाट्याची भाजी, सोलकढी, आणि प्रत्येकी एक उकडीचा मोदक. ज्यांना आणखी हवा होता त्यांना मिळाला.

मग झोप. यावर मी ठाम असते. एवढ्या लांब येऊन झोपायचं कसलं, असं कुणी ना कुणी मोठं माणूस म्हणतंच. पण दुपारी एक ते साडेतीन या वेळेत किनाऱ्यावर नेलेली मुलं संध्याकाळी फक्त चिडचिड करतात. पडवीत सतरंज्या घातल्या, शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा होता. पंधरा मिनिटं कुजबुज, मग एकजात सगळी झोपली. तेवढ्यात मी आणि गुरुजींनी किनाऱ्यावर जाऊन दोरी कुठे बांधली आहे, मुलं कुठे उभी करायची, पाणी किती लांब आहे ते पाहून घेतलं.

चारला निघालो. गावातून किनाऱ्याकडे जाताना एका लहान खाडीवरून जावं लागतं. तिथल्या खारफुटीची चिखलातून वर आलेली मुळं आणि त्यांत पळणारे खेकडे, यांतच वीस मिनिटं गेली. मी घाई केली नाही. पुढे सुरूचं बन आणि मग एकदम वाळू.

कुंपण घातलेल्या चौकात वाळूवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. प्रत्येक टोपलीखाली एक घरटं, शेजारी पाटीवर अंडी पुरल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या. गावातल्या कासवमित्राने मुलांना खाली बसवून सांगितलं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि अंग डावी-उजवीकडे आपटून ती दाबते. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी. ती कोल्ही-कुत्री उकरतात, पूर्वी माणसंही न्यायची. 2002 मध्ये चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची पाहणी करत इथे आली. किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची टरफलं सापडली, आणि भाऊ काटदरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. 2006 पासून महोत्सव भरतो.

अंडी का नेत नाहीत आता, याचं उत्तर मुलांनी स्वतःच दिलं. “आमच्याकडं वाळणकोंडीतले मासे कुणी मारत नाही, तसं.” काळ नदीच्या त्या डोहातले मासे वरदायिनीचे म्हणून राखले गेले. इथे देवीचं नाव नाही, गावाने ठरवलं आहे. मुलांना दोन्ही सारखंच पटलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

अवघड प्रश्न वेगळाच होता. “आई कुठाय त्यांची?” पहिलीतल्या मुलाने विचारलं. आई परत गेली, ती थांबत नाही, असं कळल्यावर त्याचा चेहरा पडला. मी त्याची समजूत काढायला काही गोड रचलं नाही. आई खड्डा खोल करते, वाळू दाबते, तेवढं तिचं काम. आतली ऊब वाळूची असते. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं स्वतः अंडं फोडून वर येतात. फार ऊब मिळाली तर माद्या जास्त, कमी मिळाली तर नर जास्त. तो ऐकत होता. मग त्याने दोन्ही हातांनी वाळू दाबून पाहिली, आणि बघता बघता सगळा वर्ग पोटावर पडून डावी-उजवीकडे अंग आपटायला लागला.

सहाला टोपल्या उघडल्या. पहिल्या तीन रिकाम्या. चौथीत अकरा पिल्लं.

दोरीमागे लहान पुढे बसलेली, मोठी मागे उभी. मोबाइलचा उजेड बंद, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात. हात लावायचा नाही. पिल्लं पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवली आणि ती चालू लागली. एकही मूल बोललं नाही, हे मी सांगितलं नव्हतं. एक पिल्लू माणसाच्या पावलाच्या खळग्यात अडकलं. “उचला ना बाई!” असं तिघं-चौघं कळवळून म्हणाली. कासवमित्र म्हणाले, थांबा. ते चालणं त्यांना स्वतः करायचं असतं. किनाऱ्याची ओळख त्यातच पक्की होते असं मानतात. पिल्लू निघालं. लाटेने दोनदा मागे आणलं, तिसऱ्यांदा नेलं. हजारात एखादंच मोठं होतं, हे मी किनाऱ्यावर सांगितलं नाही, चौथीच्या मुलांना बसमध्ये सांगितलं. त्यांना ते कळायला हवं होतं.

अंधारात फेरीबोट, मग भात-पिठलं डब्यांतून आणलेलं, मग परतीचा रस्ता. जागी होती त्यांना प्रथमा नावाच्या मादी कासवाची गोष्ट सांगितली: जानेवारी 2022 मध्ये याच किनाऱ्यावर तिच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं होतं. 2023 मध्ये गुहागरला यंत्र बसवलेली बागेश्री तर भारताला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पुढच्या सीटवरून प्रश्न आला की तिला परतीचा रस्ता कोण सांगतं. माणगाव येईपर्यंत त्यावर मुलांमध्येच चर्चा चालली. नंतर सगळी बस झोपली.

साडेदहाला पाचाड. आईबाप रस्त्यावर उभे होते. नाव घेऊन, चेहरा बघून, हातात हात देऊनच मूल सोपवायचं. झोपलेलं मूल कुणी काकाने उचललं तरी सही आईबापाचीच. एका आजीने नातवाला कडेवर घेत विचारलं, काय पाहिलंस रे? तो अर्धवट झोपेत म्हणाला, “सावित्री कुठं जाते ते.” कासवाचं तिला सकाळी कळेल. शेवटच्या नावापुढे सही घेतली, बसमध्ये राहिलेल्या दोन टोप्या आणि एक बाटली शाळेच्या कपाटात ठेवायला घेतली. सोमवारी गांधारीच्या काठी वर्ग भरवायचा आहे. वाळू आणायची का, असं मुलांनी विचारलंय. होय म्हणून सांगितलं आहे.